पुणे ते दिल्ली

माझे मामा दिल्लीला सैन्यात आहेत. एरवी ते झेलम एक्सप्रेसने येतात. तिला पुण्याला यायला एका दिवसाहून जास्त वेळ लागतो. यंदा आजी लई आजारी पडली, म्हणून मामा विमानाने आले.

दिल्ली ते पुणे हवाई अंतर सुमारे ११५० किलोमीटर आहे. विमान सव्वादोन तासांत लोहगावला उतरते. पण दिल्लीच्या विमानतळावर दोन तास आधी जावे लागते. पुढे लोहगावहून स्वारगेट, तिथून एसटीने भोर, मग आमचे गाव. या ८० किलोमीटरला चार तास लागले! म्हणजे विमानापेक्षाही जास्त.

आजीने मामांना ओळखले. “आलास का रं बाळा,” म्हणाली. मला वाटते, विमानासारखी आमची एसटीपण लवकर मिळाली पाहिजे.