दार क्रमांक ३३८९

आमच्या आडत दुकानांचे हिशेब आता बेळगावात राहत नाहीत. खतावण्या, जीएसटीची विवरणपत्रे, सारे मुंबईतल्या भाड्याच्या सर्व्हरवर असते आणि मी रविवार पेठेतल्या माडीवरून रिमोट डेस्कटॉपने त्यात शिरतो. विंडोजने या वाटेला क्रमांक दिला आहे ३३८९. तो मला ठाऊक आहे, तसा जगातल्या प्रत्येक भुरट्यालाही.

सर्व्हरची नोंदवही उघडली की ४६२५ या क्रमांकाच्या नोंदी दिसतात. म्हणजे चुकीचा पासवर्ड देऊन परत गेलेले पाहुणे. पानेच्या पाने! कुणी ‘ॲडमिन’ म्हणून येतो, कुणी ‘टेस्ट’ म्हणून. ही माणसे नव्हेत, यंत्रेच. पण एखाद्याचा अंदाज बरोबर आला, तर पंधरा घरांच्या खतावण्या कुलपात जातील आणि किल्लीसाठी खंडणी मागितली जाईल.

हुबळीला नोकरी करणारी पुतणी म्हणाली, “काका, दाराचा नंबरच बदलूया की.”

“अगं, त्यानं चोर चुकतो होय?”

“नाही चुकत. ६५,५३५ पर्यंतची सगळी दारं चाचपणारेही असतातच. पण रोजची थापाथापी कमी होते.”

हे मला पटले. आमच्या गावाचे नाव २०१४ साली सरकारी कागदांवर बदलले, म्हणून घर शोधणाऱ्याला ते सापडायचे थोडेच राहते? २०१९ साली ‘ब्लूकीप’ नावाचे भोक उघडकीस आले, त्यातून तर पासवर्डाविना आत शिरता येई. तिथे क्रमांकाचा काय उपयोग? मायक्रोसॉफ्टचे ठिगळ वेळेवर लावणे, एवढाच उपाय.

खरी मेख क्रमात आहे. आधी डिस्कची प्रत काढायची. मग नवा आकडा भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या फायरवॉलमध्ये मोकळा करायचा, नंतर विंडोजच्या फायरवॉलमध्ये. त्यानंतरच रजिस्ट्रीतला ‘पोर्टनंबर’. तिथे ३३८९ ऐवजी ‘डी३डी’ असे काहीतरी दिसते. घाबरू नये, ‘डेसिमल’वर टिचकी मारावी. सर्व्हर पुन्हा चालू करावा आणि पत्त्यापुढे विसर्गासारखे दोन ठिपके देऊन नवा आकडा लिहावा. नव्या वाटेने आत गेल्यावरच जुनी बुजवावी. हा क्रम उलटला, तर सर्व्हर मुंबईत सुखरूप आणि आपण बाहेर!

आता नोंदवही बरीच शांत आहे. पाच चुका झाल्या की खाते बंद, हाही नियम पुतणीने घातला. व्हीपीएनचे काम दिवाळीनंतर.

एका आडत्याने नवा आकडा दुकानातल्या कालनिर्णयवर ठळक लिहून ठेवला आहे. असू दे. शेजारी पासवर्ड लिहिलेला नाही, एवढे मी बघून आलो.