नजरेला जागा

अभिनयदर्पणात दृष्टीचे 8 भेद सांगितले आहेत. त्यांतली निमीलित माझी सर्वांत आवडती. डोळे अर्धे मिटलेले, पापण्यांखाली बुबुळाची जेमतेम कड दिसते आणि तेवढ्यात ध्यान दाखवायचं. भरतनाट्यमसाठी कृत्रिम पापण्या निवडताना मी आरशासमोर आधी हीच दृष्टी करून बघते. केस फार दाट असले तर ती कड झाकते आणि मागच्या रांगेत बसलेल्याला वाटतं, हिनं डोळेच मिटले.

पहिली जोडी अरंगेत्रमच्या संध्याकाळी लावली, पुण्यात टिळक स्मारक मंदिराच्या रंगपटात. रंगभूषा करणाऱ्या काकांनी पट्टी पापणीच्या कडेवर धरून माप घेतलं आणि बाहेरच्या टोकाकडून कातरली. आतल्या टोकाचे केस मुद्दाम आखूड ठेवलेले असतात. तिकडून कापलं तर नाकाजवळ एकदम लांब केस येतात आणि टोचत राहतात. मग पेन्सिलीभोवती गुंडाळून पट्टीला बाक दिला, गमाची बारीक रेघ ओढली आणि ती हातात धरून नुसते उभे राहिले. मला घंटेची धास्ती. "ओल्या गमावर घसरते गं, जरा चिकट होऊ दे," ते म्हणाले. मग, "आरशात खाली बघ, मिटू नकोस." आधी मध्य, मागाहून दोन्ही टोकं. शिष्यांच्या पापण्या लावतानाही मी हाच क्रम पाळते.

मला तसं पाहून आईला शर्मिला टागोर आठवली. तिच्या पिढीनं पापण्यांचं वेड साठच्या दशकातल्या नायिकांकडून घेतलं. सिनेमात ते त्याहूनही जुनं. 1916 च्या 'इन्टॉलरन्स'मध्ये बॅबिलोनची राजकन्या झालेल्या सीना ओवेनसाठी दिग्दर्शक ग्रिफिथनं माणसाच्या केसांच्या पापण्या करवून घेतल्या होत्या. कॅमेरा निदान जवळ तरी येतो. रंगमंचावर डोळाच प्रेक्षकापर्यंत पोचवावा लागतो, आणि वरून येणारा प्रकाश लांब पापणीचा छज्जा करून बुबुळ अंधारात टाकतो. म्हणून लांबी हवी ती बाहेरच्या टोकाला, जिथे काजळाची रेघ कानशिलाकडे निघते. मधे लांब केस असले तर डोळा गोल दिसतो. बाहुलीच्या भूमिकेला ते ठीक, विरहिणीला नाही.

लांब पापण्या लावून नाचले की डोळे कोरडे पडतात, हा माझा जुना अनुभव. त्यामागचं कारण नंतर वाचायला मिळालं. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमधल्या संशोधकांनी 22 सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या आणि कृत्रिम डोळ्यावर वारा सोडून पाहिला. 2015 मध्ये ते प्रसिद्ध झालं. पापणी डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश असली की हवा आणि धूळ सर्वांत कमी पोचते. त्याहून लांब झाली की तीच हवा डोळ्याकडे वळवते. मला हे वाचून फार आनंद झाला. काकांची कात्री बहुतेक वेळा त्याच मापाच्या आसपास थांबायची.

धाकट्या बहिणीला केमोथेरपी सुरू झाली तेव्हा डोक्याच्या केसांमागोमाग तिच्या पापण्याही गळल्या. टक्कल स्कार्फमध्ये झाकता येतं. उघड्या पापण्यांनी मात्र ती घरातल्या पंख्यालाही कंटाळली. डोळ्यांतून सतत पाणी. "ताई, मुंजीला सगळे माझ्याकडेच बघतील," ती म्हणाली. डॉक्टरांना विचारून, लॅटेक्स नसलेला गम आदल्या दिवशी तिच्या कानामागे लावून पाहिला. रंगमंचावरची एकही जोडी कामाची नव्हती. विरळ, आखूड, तपकिरी केसांची, पारदर्शक दोऱ्यावर विणलेली हवी होती, आणि ती शोधायला मी तुळशीबाग पालथी घातली. स्वतःचे केस नसले की पट्टीला टेकू मिळत नाही. म्हणून आधी पेन्सिलीनं रेघ आखली आणि तिच्यावर पट्टी बसवली. मुंजीत मावशी तिला म्हणाली, "आज चेहरा टवटवीत दिसतोय हो." रात्री उतरवताना मी तिला ओढू दिली नाही, कापसावर तेल घेऊन गम सुटेपर्यंत दोघी बसून राहिलो.

तिच्या पापण्या उपचारांनंतर काही महिन्यांत परत आल्या. तरी लग्नकार्य निघालं की ती माझ्याकडे नवी जोडी घेऊन येते. परवा आणलेली चांगलीच दाट होती, टोकाला लांब. थोडी कमी करू का, म्हटलं, तर तिनं माझ्या हातातली कात्रीच काढून घेतली.