बीड जिल्ह्यातील ‘जनता’

बाहेरचा माणूस बीड जिल्ह्यात सहसा तीन कारणांनी जातो. परळीच्या वैजनाथाच्या दर्शनाला, अंबाजोगाईला योगेश्वरीचा नवस फेडायला, किंवा सरकारने बदली केली म्हणून! मी गेलो तो चौथ्याच कारणाने. मला जुनी मनगटी घड्याळे पाहायची होती.

हे ऐकून आमच्या शेजाऱ्यांनी कपाळाला हात लावला. “अहो, घड्याळेच पाहायची तर स्वित्झर्लंडला जावे. तेवढे जमत नसेल तर मुंबईच्या चोरबाजारात जावे. बीडला कोण घड्याळे पाहायला जातो?”

त्यांचे म्हणणे वरवर पाहता खरेच होते. पण ज्याला जुन्या घड्याळांची गोडी लागली आहे त्याला एक गोष्ट ठाऊक असते. मोठ्या शहरांत सेलवर चालणारे घड्याळ आले आणि चावीचे घड्याळ भंगारात गेले. जिथे पैसा जपून खर्च होतो तिथे वस्तू टाकून देत नाहीत, दुरुस्त करतात. म्हणून अस्सल ‘जनता’ पाहायची असेल तर जनतेतच गेले पाहिजे.

‘जनता’ हे घड्याळाचे नाव आहे, हे तरुण वाचकांना सांगायला हवे. १९५३ साली बंगळूरला हिंदुस्थान मशीन टूल्स हा सरकारी कारखाना निघाला. तोच एचएमटी. यंत्रे बनवणाऱ्या या कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीचे साहाय्य घेऊन १९६१ मध्ये मनगटी घड्याळे काढली. पहिली घड्याळे पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. त्याआधी आपल्याकडे घड्याळ म्हणजे स्विस घड्याळ. ज्याच्या मनगटावर ‘वेस्ट एंड’ किंवा ‘फावर ल्युबा’ असे, तो वकील, डॉक्टर नाही तर सावकार असायचा. मास्तर, तलाठी आणि कंडक्टर यांच्या मनगटावर घड्याळ चढवले ते एचएमटीने. बायकांसाठी ‘सुजाता’ होते. पुरुषांसाठी पुढे ‘जनता’, ‘पायलट’, ‘जवान’, ‘कोहिनूर’, ‘सोना’ अशी नावांची रांगच लागली. आपोआप चावी भरणाऱ्या ‘कांचन’ने तर जावईबापूंच्या मागण्यांत स्थान मिळवले! बंगळूरच्या जोडीला श्रीनगर, तुमकूर आणि राणीबाग येथेही कारखाने निघाले. पुढे सेलच्या घड्याळांचा जमाना आला, १९८७ पासून टायटन बाजारात उतरले आणि एचएमटीचे दिवस फिरले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर मात्र एक गंमत झाली. जे घड्याळ कोणी फुकट घेत नव्हते, त्याला संग्राहक शोधू लागले.

बीडला जायला आता आगगाडीही आहे. अहिल्यानगर–बीड–परळी या रेल्वेमार्गाला १९९५ साली मंजुरी मिळाली, आणि बीडच्या स्थानकावरून अहिल्यानगरकडे पहिली गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी. तीस वर्षे लोकांनी वाट पाहिली. मी मात्र जुन्या सवयीने एस.टी.नेच गेलो. जामखेड सोडून पाटोद्याच्या बाजूला लागलो की बालाघाटाचे माळ सुरू होतात. रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या. दसरा नुकताच झाला होता. वाटेत ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर भेटत होते. त्यांवर भांडीकुंडी, गोधड्या, शेळ्या, आणि सगळ्यांच्या वर बसलेली पोरे. आपण शहरात दिवाळीची खरेदी करतो त्या दिवसांत इथली हजारो माणसे घराला कुलूप घालून ऊस तोडायला निघतात.

बीडमध्ये सुभाष रोडच्या गर्दीतून वाट काढीत मी एका घड्याळजींच्या दुकानाशी पोचलो. दुकान कसले, दोन माणसे बसली तर तिसऱ्याने उभे राहावे एवढी जागा. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मीही म्हणू लागलो. डोळ्याला भिंग लावून ते कामात गढलेले होते. माझे येण्याचे कारण ऐकताच त्यांनी खणातून एक डबा काढला आणि फडक्यावर पाच घड्याळे मांडली. पाचांवरही ‘जनता’ हेच नाव.

“साहेब, ह्यातली खरी कोणती?”

एकाचा चेहरा पांढरा आणि आकडे इंग्रजी. दुसऱ्यावर आकड्यांऐवजी नुसत्या उभ्या रेघा. तिसऱ्यावर नाव देवनागरीत आणि १ ते १२ आकडेही आपले मराठी. चौथ्याची डायल भडक भगवी. पाचवे काळे, त्यावर मोठमोठे आकडे.

चाचांनी मला जे शिकवले ते थोडक्यात सांगतो, कारण घरोघरच्या कपाटांत असे एखादे घड्याळ असतेच.

पहिली पारख डायलची. कारखान्याची छपाई बारीक आणि रेखीव असते. ‘१७ ज्वेल्स’, ‘पॅरा शॉक’ ही इंग्रजी अक्षरे भिंगाखाली धरली तर त्यांच्या कडा स्वच्छ दिसतात. मागाहून रंगवलेल्या डायलवर अक्षरे जाड होतात, शाई पसरते, मिनिटांच्या रेघा आणि तासांच्या खुणा एकमेकींशी जुळत नाहीत. देवनागरी डायल कारखान्यानेही काढली होती आणि तिला आज मागणी आहे; म्हणूनच नकलाही तिच्याच जास्त. भगवी, पोपटी, लालभडक डायल दिसली की आधी शंका घ्यावी. डायलवर ‘सिटिझन’ हे नाव एचएमटीच्या जोडीला असेल तर ते घड्याळ सुरुवातीच्या काळातले. तसले सापडले तर जपून ठेवावे.

दुसरी पारख काट्यांची. मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचला पाहिजे. तो आखूड पडत असेल तर दुसऱ्या घड्याळातून आलेला पाहुणा समजावा. काट्यांवर अंधारात चमकणारा लेप आहे आणि डायलवर त्याचा ठिपकाही नाही, तर हा जोडा कारखान्यात जमलेला नव्हे.

तिसरी पारख वयाची. केस झिजलेली, मागचे झाकण ओरखड्यांनी भरलेले, आणि डायल मात्र कालच्या वर्तमानपत्रासारखी कोरी! माणसाचे हातपाय म्हातारे आणि चेहरा वीस वर्षांचा असे कधी असते का?

शेवटची पारख पोटात. झाकण काढून मशीन पाहावे. त्यावर ०२३१ हा अंक हवा. हे सतरा खड्यांचे चावीचे मशीन ताशी १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच. कानाशी धरले तर त्याची टिकटिक भरभर पण सारख्या अंतराने यायला हवी.

“आणि इथेच गोम आहे,” चाचा म्हणाले. “जनतेत हे मशीन, पायलटमध्येपण हेच मशीन. ह्याची डायल त्याला बसते, त्याचे काटे ह्याला. हे काळं बघा. पायलटची डायल पुसून कुणीतरी वर जनता छापलंय.”

मग त्यांनी पहिली दोन घड्याळे उजवीकडे सरकवली, मागची दोन डावीकडे. देवनागरी आकड्यांचे मधोमध ठेवले आणि म्हणाले, “हे खरं आहे, पण चावी दुसरी लावलीय. मीच लावली, वीस वर्षांपूर्वी.”

परदेशी संग्राहक असल्या जोडकामाच्या आणि रंगवलेल्या घड्याळांना कुत्सितपणे ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. एका अर्थी ते खरेच आहे; जुन्या मशीनला नवा चेहरा चढवून दूरदेशी विकण्याचा धंदा आपल्याकडे जोरात चालतो. पण मला चाचांच्या मधल्या घड्याळाचे कोडे पडले. चावी मोडली, कारखान्याची मिळेना, म्हणून जवळची लावली. हे फसवणे कसे म्हणायचे? मोडलेल्या खाटेला दुसरा पाय लावतो तसेच ते.

चाचांना मी हे बोलून दाखवले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तुम्ही अंबाजोगाईला जाणारच आहात ना? तिथे माझ्या जुन्या गिऱ्हाइकाचं घर आहे. ते आता नाहीत. त्यांचा मुलगा डायल रंगवून मागतोय, मी नाही म्हटलं म्हणून रागावलाय. तुम्ही शिकलेले माणूस. एकदा बघून या.”

दुसऱ्या दिवशी निघालो. बीड सोडून मांजरसुंब्याच्या वाटेला लागले की खजाना विहीर लागते. निजामशाहीच्या काळातली ही विहीर भुयारी पाटांनी शेताला पाणी देते. पुढे नेकनूर, केज आणि मग अंबाजोगाई. हे आद्यकवी मुकुंदराजांचे गाव. निजामाच्या राज्यात याचेच नाव मोमिनाबाद होते. उतरल्यावर योगेश्वरीचे दर्शन घेतले आणि पत्ता विचारीत त्या घरी गेलो.

दार आजींनी उघडले. वय ऐंशीच्या घरातले. मुलगा चाळिशी ओलांडलेला, बोलायला मऊ. त्याने घड्याळ आणून हातावर ठेवले. इंग्रजी आकड्यांची ‘जनता’. पांढरी डायल चहाच्या रंगावर गेलेली, सहाच्या आकड्याजवळ एक डाग. सेकंदकाटा जरा जाड. तो कारखान्याचा नव्हता.

“व्यापारी म्हणतो, नव्यासारखं दिसलं तर दुप्पट देईन,” मुलगा म्हणाला. “आईच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचंय, दिवाळीनंतर. म्हणून म्हटलं रंगवून घ्यावं.”

यावर मी काय बोलणार? पैशाची गरज खरी होती. गल्लीच्या तोंडाशी एक घड्याळवाला होता, त्याला बोलावून झाकण उघडवले. मशीन ०२३१, स्वच्छ. मग मी झाकणाच्या आतली बाजू उजेडात धरली. जुने घड्याळजी दुरुस्ती केली की तिथे सुईने बारीक खूण कोरतात, कधी स्वतःचे अक्षर, कधी तारीख. या झाकणावर अशा सहा खुणा होत्या. मी एकेक वाचत गेलो. दुसरी होती ‘१२–७२’.

“बहात्तर?” आजी एकदम म्हणाल्या. “दुष्काळाचं साल ते. ह्यांना तवा खडीच्या कामावर हजेरी कारकुनाची नोकरी लागली होती. मी म्हणलं, घरात दाणा नाही अन् घड्याळ कशाला दुरुस्त करता? तर म्हणले, कामावर दुसरं घड्याळ नाही. हे बंद पडलं तर मुकादम बाया-माणसांना अंधार पडंस्तोवर राबवील.”

१९७२च्या त्या दुष्काळात मराठवाड्यात लाखो माणसे रस्त्यावर खडी फोडायला बसली होती आणि सुकडी खाऊन जगली होती. त्या कामांतूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. आजी सांगत होत्या, “सुट्टीची येळ झाली की हे हात वर करायचे. घड्याळ दिसायचं न्हाई कुणाला, पण हात दिसायचा. बाया पाट्या खाली टाकायच्या.”

मुलाला हे ठाऊक नव्हते. त्याने झाकण हातात घेतले आणि बराच वेळ पाहिले.

मी त्यांना एवढेच सांगितले, की व्यापाऱ्याचे म्हणणे निम्मेच खरे आहे. अजाण गिऱ्हाइकाला नवी डायल आवडते. जाणकार मात्र रंगवलेले घड्याळ पाहिले की हात मागे घेतो. कारखान्याची मूळ छपाई एकदा पुसली की ती परत आणता येत नाही. विकायचे असेल तर आहे तसे विका, सेकंदकाटा बदललेला आहे हे स्पष्ट सांगून विका, आणि किमान तिघांना विचारून भाव ठरवा. मग आठवले आणि म्हणालो, “तुमच्याच गावात दासोपंतांची पासोडी आहे. चाळीस फूट लांबच लांब कापडावर त्यांनी स्वहस्ते ग्रंथ लिहिला. चारशे वर्षांत शाई फिकट झाली असेल. उद्या कोणी म्हणाले, वरून नवी शाई फिरवू, छान दिसेल. तर अंबाजोगाईकर फिरवू देतील का?”

मुलगा हसला. आजी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “ऑपरेशनचं बघू. सरकारी दवाखान्यात बी होतं ते. डायल राहू दे. काच तेवढी बदल, मला काटे दिसत न्हाईत.”

विकणार की ठेवणार, ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. तो त्यांच्या घरचा प्रश्न. घड्याळवाल्याने नवी काच बसवली, चावी भरली आणि पैसे मुलाने दिले.

वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत तुमच्या घरीही कपाटाच्या तळाशी, जुन्या पाकिटांच्या आणि किल्ल्यांच्या गर्दीत एखादी ‘जनता’, ‘सुजाता’ किंवा ‘पायलट’ निघेल. ती भंगारवाल्याला देऊ नका आणि चकचकीतही करू नका. बंद असेल तर जोर लावून चावी फिरवू नका. आतले तेल सुकलेले असते. चांगल्या घड्याळजीकडून साफ करून, तेल घालून घ्या, आणि काही बदललेच तर काढलेला भाग कागदात गुंडाळून जवळ ठेवा. डायल, काटे, मशीन यांवरून ते कोणत्या काळातले हे तुम्हाला कळेल. आणि झाकण उघडलेच आहे तर त्याच्या आतली बाजूही एकदा उजेडात धरा. तिथे एखादे साल कोरलेले असेल, तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, त्या वर्षी काय झाले होते म्हणून.