परगांवचें यजमानपण

संस्कृत शिकवितांना ‘यजमान’ ह्या शब्दावर मी नेहमीं थोडा अधिक वेळ थांबत असें. यज् धातु उभयपदी आहे. ऋत्विज् दुसऱ्याकरितां यज्ञ करतो, तेव्हां ‘यजति’. यज्ञाचें फळ ज्याला स्वतःला मिळावयाचें, तो ‘यजते’. आणि म्हणून तोच ‘यजमान’. मराठींत येतां येतां ह्या शब्दानें पुष्कळ वेष पालटले. पाहुण्यांचें आतिथ्य करणारा तो यजमान झाला, आणि आपल्या घरांतील जुन्या बायका नवऱ्यालाहि यजमान म्हणूं लागल्या. परंतु केल्या कर्माचें फळ कोणाच्या पदरांत पडतें, हा मूळचा प्रश्न शब्दाच्या पोटांत अजून आहेच. तीस वर्षें वर्गांत सांगितलेली ही गोष्ट मला पुनः आठवली ती एका चेंडूच्या खेळामुळें, आणि तीहि अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांत. वाचकांनीं हंसूं नये.

२०२३ च्या सप्टेंबरांत आम्ही उभयतां मुलीकडे जॅक्सनव्हिल येथें गेलों होतों. हें शहर सेंट जॉन्स नदीच्या कांठीं आहे. ही नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते असें कळतांच आमच्या कुटुंबानें पहिल्याच दिवशीं तिला हात जोडले. उत्तरवाहिनी ती कोठलीहि असो, पुण्यप्रदच. ह्याच नदीच्या कांठावर तेथील फुटबॉल-संघाचें प्रचंड क्रीडागार उभें आहे. संघाचें नांव जॅग्वार्स. हा फुटबॉल आपल्याकडला नव्हे. चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट, आणि तो पायांपेक्षां हातांनींच अधिक खेळतात. मग त्याला फुटबॉल कां म्हणावें, ह्याचें समाधानकारक उत्तर मला जांवयांकडून मिळालें नाहीं. १९९५ सालीं हा संघ प्रथम मैदानांत उतरला. मोठ्या व्यावसायिक खेळांपैकीं त्या शहरानें आपला म्हणावा असा हा एकच संघ, त्यामुळें भाजीच्या दुकानापासून दंतवैद्यापर्यंत सर्वत्र त्याचेंच चित्र.

ह्या खेळांत प्रत्येक संघाचे सुमारें निम्मे सामने स्वतःच्या मैदानावर व निम्मे प्रतिपक्ष्याच्या मैदानावर होतात. घरचे सामने वर्षांतून आठ किंवा नऊच. तेवढ्यांचीं तिकिटें मोसमापूर्वींच एकदम विकत घेऊन ठेवणारीं कुटुंबें पुष्कळ असतात. आतां नवल असें कीं, ह्या आठ-नऊ घरच्या सामन्यांतील एक सामना घरीं होतच नाहीं; तो होतो सुमारें चार हजार मैल दूर, लंडन शहरांत. २०१२ सालीं संघाच्या मालकांनीं तसा करार जाहीर केला, आणि २७ ऑक्टोबर २०१३ रोजीं वेंब्ले येथें पहिला सामना झाला. त्यांत यजमानांचा ४२ विरुद्ध १० असा फडशा उडाला, परंतु क्रम थांबला नाहीं. साथीचें २०२० साल सोडलें, तर २०२५ पर्यंत एकहि वर्ष चुकलेलें नाहीं.

मालकांचें नांव शाहिद खान. जन्म १९५० चा, लाहोरचा. सोळाव्या वर्षीं शिक्षणासाठीं अमेरिकेस गेले आणि मोटारींचे बंपर करण्याच्या धंद्यांत अपार संपत्ति मिळविली. २०१३ मध्यें त्यांनीं लंडनचा फुलहॅम हा फुटबॉल-संघहि विकत घेतला. स्वतःच जो गांव सोडून आला व परक्या भूमीवर रुजला, त्याला ‘घरचा’ सामना समुद्रापलीकडे नेण्यांत कांहीं वावगें वाटलें नसेल, हें मी समजूं शकतों.

आमचे जांवई हिशेबनीस आहेत. त्यांनीं मला जेवणाच्या टेबलावर सारें अर्थशास्त्र समजावून दिलें. दूरचित्रवाणीपासून होणारें मोठें उत्पन्न बत्तीसहि संघांत सारखें वांटलें जातें. फरक पडतो तो स्थानिक उत्पन्नांत, म्हणजे तिकिटें, श्रीमंतांच्या खास खोल्या व जाहिराती ह्यांत. न्यूयॉर्क-डॅलसच्या मानानें जॅक्सनव्हिलचा बाजार लहान. २००५ पासून कित्येक वर्षें तेथें सुमारें दहा हजार खुर्च्या कापडानें झांकून ठेवीत; कारण तिकिटें पुरेशीं न खपल्यास त्या सामन्याचें प्रक्षेपण त्याच गांवांत बंद ठेवण्याचा त्या वेळचा नियम होता. लंडनला मात्र ऐंशी हजारांवर लोक जमतात आणि तिकिटाचे दामहि मोठे. “बाबा, एक सामना दिला म्हणून बाकीचे राहिले,” जांवई म्हणाले. “न देते, तर सारा संघच कोणीं उचलून नेला असता.” हिशेबांत मला चूक काढतां आली नाहीं, आणि आजहि येत नाहीं.

परंतु त्यांच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहतात. बंदरावर नोकरी करून निवृत्त झालेले. १९९५ पासून त्यांचीं दोन आसनें ठरलेलीं. एक त्यांचें, एक पत्नीचें. पत्नी वारल्यावरहि त्यांनीं दुसरें आसन सोडलें नाहीं. गल्लींतील कोणातरी मुलाला ते बरोबर नेतात, आणि आमच्या आठ वर्षांच्या नातवाची पाळी बरेचदां येते. मी संस्कृताचा मास्तर असें कळल्यावर त्यांनीं मला ‘प्रोफेसर’ करून टाकलें.

१ ऑक्टोबरला रविवार होता. त्या दिवशींचा लंडनचा सामना त्यांच्या बैठकींत पाहावयास आम्ही सारे गेलों. लंडनला दुपार, तेथें सकाळचे साडेनऊ. एरवीं घरच्या सामन्याच्या दिवशीं ही मंडळी पहांटेच उठून मोटारीच्या पाठीमागें चूल मांडतात, क्रीडागाराच्या पटांगणांत मांस भाजतात, अनोळख्यांना बोलावून जेवूं घालतात. तो एक उत्सवच. त्या सकाळीं मात्र गृहस्थांनीं संघाचा अंगरखा चढवून चहाचा पेला हातांत घेतला व आरामखुर्चींत बसले. पडद्यावर निवेदक त्यांच्या संघाला वारंवार यजमान म्हणत होता. नातवानें विचारलें, “आजोबा, आपल्या घरचा खेळ ना? मग आपण घरीं कां बसलोंय?” मुलें कधीं कधीं व्याकरणाच्या नेमक्या सूत्रावर बोट ठेवतात.

त्या दिवशीं संघ २३ विरुद्ध ७ असा जिंकला, आणि पुढच्या रविवारीं लंडनलाच बफेलोच्या संघालाहि त्यानें हरविलें. ह्या दुसऱ्या सामन्यांत कागदोपत्रीं यजमान होता बफेलो! दोन्ही संघ परक्या भूमीवर. परंतु जॅग्वार्स आठवडाभर तेथेंच मुक्काम करून राहिलेले, तेव्हां खरे रुळलेले पाहुणेच. कोण कोणाचा अतिथि हें ठरवावयास मीमांसकच हवा होता.

मी शेजाऱ्यांना विचारलें, ह्या लंडनच्या प्रकाराचा राग येतो का? ते म्हणाले, एका सामन्याचा येतो. तो २०२३ चा नव्हे, २०२१ चा. त्यापूर्वीं संघ ओळीनें वीस सामने हरला होता. घरचे पराभव त्यांनीं एकूण एक पाहिले, कांहीं मैदानावर, कांहीं साथीच्या दिवसांत कोंडून घेऊन. आणि एकविसावा सामना, १७ ऑक्टोबर २०२१ चा, अगदीं शेवटच्या क्षणाच्या लाथेनें २३ विरुद्ध २० असा जिंकला गेला, तो लंडनला! “तिची खुर्ची रिकामी होती आणि माझीहि,” असें म्हणून ते उठले व पेले विसळूं लागले. वीस पराभवांची वसुली ज्या दिवशीं व्हावयाची, नेमका तोच दिवस विकलेला निघाला. जांवयांच्या हिशेबांत ह्या रकमेला रकाना नाहीं.

मग मीं ह्या विषयाची थोडी चौकशी केली. शिक्षकाला संवयच असते. सर्वांत करुण उदाहरण कॅनडांतील माँट्रियलच्या बेसबॉल-संघाचें. १९९४ सालीं हा एक्सपोज संघ त्या वर्षींच्या सर्व संघांत अग्रेसर होता, ७४ सामने जिंकून ४० हरलेला. तेवढ्यांत खेळाडूंचा संप झाला आणि मोसमच बुडाला. पुढें चांगले खेळाडू गेले, प्रेक्षक गेले, आणि २००२ मध्यें इतर एकोणतीस संघांच्या मालकांनीं मिळून तो विकत घेतला. म्हणजे प्रतिस्पर्धीच पालक झाले. त्यांनीं उत्पन्नासाठीं २००३ मध्यें त्याचे बावीस घरचे सामने पोर्टो रिको बेटावर, सॅन व्हान शहरीं भरविले, आणि दुसऱ्या वर्षीं पुनः तोच क्रम धरला. खेळाडू घरचे म्हणून समुद्र ओलांडून जात. तरी २००३ च्या ऑगस्ट-अखेर हा संघ पुढल्या फेरीच्या शर्यतींत होता. परंतु सप्टेंबरांत जादा खेळाडू घेण्याची जी सर्वांना मुभा, ती थोड्या पैशांसाठीं ह्यांना मिळाली नाहीं. २९ सप्टेंबर २००४ रोजीं माँट्रियलला शेवटचा घरचा सामना झाला. २००५ पासून तो संघ वॉशिंग्टनचा. तेव्हां घर राखण्यासाठींच बाहेर जातात, हें म्हणणें सर्वत्र खरें नाहीं. कधीं कधीं तें बिऱ्हाड हलविण्यापूर्वींचें सामान बांधणें असतें.

उलट स्पेनमध्यें २०२५ च्या डिसेंबरांत व्हियारेआल व बार्सेलोना ह्यांचा सामना अमेरिकेंतील मायामी येथें नेण्याचें घाटत होतें. तेथें खेळाडूंनींच ऑक्टोबरांत सामन्यांच्या आरंभीं पंधरा सेकंद निश्चल उभें राहून निषेध केला, आणि बेत रद्द झाला. आवाज न करतां केलेला हा निषेध मला फार आवडला.

जॅक्सनव्हिलची गोष्ट ह्या दोहोंच्या मधली आहे. २०२४ च्या जूनमध्यें तेथील नगरसभेनें क्रीडागाराच्या पुनर्रचनेस मान्यता दिली. खर्च सुमारें १४० कोटी डॉलर, त्यांपैकीं ७७.५ कोटींचा भार नगरीवर. म्हणजे घर बांधावयास गांवाचा पैसा! अशा वेळीं ‘घर’ ह्या शब्दावर गांवाचा हक्क थोडा तरी अधिक धरावा कीं नाहीं?

मी हें सोवळ्यांत बसून बोलत नाहीं. कृष्णाकांठीं आमचा वडिलोपार्जित वाडा आहे. चार भावांचा, म्हणजे दुरुस्तीपुरता कोणाचाच नव्हे. मागें कौलें गळूं लागलीं, माजघराची तुळई खचली. धाकट्या भावानें चित्रपटवाल्यांना चौक व दिवाणखाना पंधरा दिवस भाड्यानें द्यावा असें सुचविलें. मोठ्या वहिनींना तें मुळींच रुचलें नाहीं. त्यांच्या ओटीवर रंग फांसलेल्या परक्या बाईनें सून म्हणून तुळशीला पाणी घालावयाचें होतें! मीं संमति दिली, परंतु दोन अटी घालून. नवरात्राचे नऊ दिवस कितीहि पैसे मिळाले तरी वाडा द्यावयाचा नाहीं. आणि त्या पैशाला घरांत कोणींहि ‘उत्पन्न’ न म्हणतां ‘भाडें’च म्हणावें. भाऊ हंसला, परंतु वहिनी ह्या दुसऱ्या अटीवरच राजी झाल्या. तुळई नवी बसली आहे.

म्हणून मला खान महाशयांच्या व्यवहाराचा राग नाहीं. त्यांनीं सरळ सांगावें कीं, वर्षांतला एक दिवस आम्ही भाड्यानें दिला आहे, आणि अमुक दिवस कदापि देणार नाहीं. पण तिकडे भाड्याच्या दिवसालाच घरचा दिवस म्हणतात, आणि आतां तर तो सर्वांचाच नियम होऊं घातला आहे. २०२१ च्या ठरावाप्रमाणें प्रत्येक संघानें आठ वर्षांतून निदान एक सामना परदेशीं खेळावयाचा आहे. २०२५ मध्यें असे सात सामने झाले, डब्लिन, बर्लिन, माद्रिद, साओ पावलोपर्यंत.

त्याच वर्षीं १९ ऑक्टोबरला जॅग्वार्स लंडनला पुनः ‘घरीं’ खेळले आणि ३५ विरुद्ध ७ असे हरले. संध्याकाळीं नातवाचा फोन आला. शेजारच्या आजोबांनीं मध्यंतरांतच पडदा बंद केला, म्हणे, आणि अंगरखा न काढतांच ते गवत कापावयास अंगणांत गेले.