वहीतलं हायफाय

आमच्या पिढीच्या घरांत गाणं ऐकायचं यंत्र एका घराच्या पैशातून येई आणि सगळ्या वाड्याच्या मालकीचं होई. पुण्याच्या पेठांत किंवा गिरगाव-दादरच्या चाळींत जे साठच्या दशकात जन्मले आणि कॅसेटच्या बरोबरीने मोठे झाले, त्यांना हे वेगळं सांगायला नको. रेडिओ कुणाचा, हा प्रश्न पोस्टातल्या परवान्यापुरता. बुधवारी रात्री आठ वाजता बिनाका गीतमाला लागली, की उंबऱ्यावर येऊन बसायला परवाना लागत नसे. व्हॉल्व्हचा रेडिओ बटण फिरवल्याबरोबर बोलायचा नाही. आधी तापायचा, मग खरखरायचा, मग त्या हिरव्या डोळ्याची फट मिटत आली की स्टेशन नीट लागलं असं समजायचं. आवाज ‘साफ’ आहे की ‘दबका’, यावर वडीलधाऱ्यांचं एकमत कधी झालं नाही. पण कान देऊन ऐकायची सवय आम्हाला त्या वादांतून लागली.

मग एखाद्या घरी एचएमव्हीचा फिएस्टा आला. त्या घराची पत वाढली आणि त्या घरच्या काकूंचं चहाचं आधणही. ७८च्या तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपायची. एलपी आली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून जास्त गाणं मावू लागलं. रेकॉर्ड उसनी मिळायची, पण अटींवर. कडेनंच धरायची, खोबणींना बोट लावायचं नाही, पंख्याखाली उघडी ठेवायची नाही, आणि घासलेल्या सुईच्या प्लेअरवर मुळीच लावायची नाही. उसनी साखर परत करताना कुणी वाटीत बघत नसे. रेकॉर्ड परत आली की मात्र उजेडात तिरकी धरून ओरखडे मोजले जात.

या सगळ्याच्या मध्यभागी प्रत्येक वाड्यात एक काका असत. नोकरी विम्यात नाहीतर टेलिफोन खात्यात, जीव मात्र सोल्डरिंगच्या वासात. त्यांच्याकडे एक वही असायची. पुठ्ठ्याची, लांबट, हिशेबाची. पानाच्या डोक्यावर यंत्राचं नाव, खाली काय बिघडलं होतं, त्याखाली काय केलं. बेल्ट कोणत्या मापाचा बसला आणि तो लॅमिंग्टन रोडवर मिळाला की आपल्या तपकीर गल्लीत. सुई कधी बदलली. २एन३०५५ ट्रान्झिस्टरला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा केवढा लावला म्हणजे हात भाजत नाही. ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे मासिक १९६९ साली निघालं. त्यातली सर्किटं या वहीत उतरवलेली असत आणि प्रत्येकाच्या समासात काकांचा शेरा: ‘गुणगुणतं. अर्थिंग एकाच जागी आणावं.’

त्या काळी तयार हायफाय घेणं म्हणजे सोनोडाइन किंवा कॉस्मिकच्या दुकानाबाहेर उभं राहून बघणं. बहुतेकांचं हायफाय सुतारानं आणि काकांनी मिळून केलेलं. एकोणीस मिलिमीटरच्या प्लायवूडची खोकी, आत गादीवाल्याकडचा पिंजलेला कापूस, पुढे आईच्या जुन्या साडीचं कापड. स्पीकर जोडण्याआधीची एक परीक्षा आमच्यापैकी अनेकांनी डोळे विस्फारून पाहिलेली आहे. टॉर्चचा दीड व्होल्टचा सेल घ्यायचा आणि त्याच्या दोन टोकांच्या तारा स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवायच्या. कागदाचा कोन टच्‌कन पुढे आला, तर सेलचं अधिक टोक जिथे टेकलं ते स्पीकरचं अधिक टोक. आत गेला, तर उलट. मग त्या टोकाला लाल रंगाचा ठिपका. दोन स्पीकरांपैकी एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या, की एक कोन पुढे जाताना दुसरा मागे जातो, दोघांचा खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो आणि पखवाज डबा वाजवल्यासारखा ऐकू येतो. लाखभर रुपयांच्या स्पीकरांनाही हा नियम तसाच लागू आहे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कुणाचा तरी भाऊ अमेरिकेहून टर्नटेबल घेऊन आला, आणि वाड्यावाड्यांत एकच कोडं पडलं. ११० व्होल्टचं यंत्र म्हणून ट्रान्सफॉर्मर लावला, यंत्र फिरलं, गाणं लागलं, पण गाणारीला जणू सर्दी झालेली. हे पहिल्यांदा ओळखलं ते कुठल्याही काकांनी नव्हे, तर पेटी वाजवणाऱ्या आजींनी. ‘ही काळी चारमध्ये गाते. हे पांढरी चारच्याही खाली आहे.’ कारण विजेत होतं. अमेरिकेत विजेची वारंवारता ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. त्या जातीची मोटर विजेच्या ठेक्यावर चालते. म्हणून मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी जेमतेम २८ व्हायच्या आणि स्वर तीन पट्ट्यांहून थोडा जास्त उतरायचा. आजींचा हिशोब बिनचूक होता. उपाय लेथवाल्याकडे. मोटरच्या दांड्यावरची पुली सव्वा नव्हे, बरोबर १.२ पट व्यासाची करून घ्यायची. मूळची १० मिलिमीटरची असेल तर नवी १२ची, पितळेची. ३३ आणि ४५ अशा दोन पायऱ्या असतील तर दोन्ही त्याच प्रमाणात. ही ओळ वहीत गेली आणि त्या वहीतून पाच-सहा घरांच्या वह्यांत.

कॅसेटनं हा सगळा कारभार स्वयंपाकघरापर्यंत नेला. फिलिप्सनं कॅसेट आणली १९६३ साली. आपल्या घरांत ती खरी रुळली ती आखाताहून आलेल्या टू-इन-वनमधून. काकांची सद्दी इथे थोडी कमी झाली आणि आयांची सुरू झाली. रेडिओवरची मैफल टेप करताना सी-९०च्या एका बाजूला ४५ मिनिटं, हे ध्यानात ठेवून विलंबित संपायच्या सुमारास बाजू उलटायची वेळ आई अचूक साधायची. हात पिठाचे असले तर कोपरानं बटण दाबायची. तिची वही वेगळी: राग, गायक, तबल्याला कोण, तारीख, आणि ‘शेवटी कुकरची शिट्टी आली आहे’ अशी प्रामाणिक नोंद. सी-१२० घ्यायची नाही, फीत फार पातळ असते, ती गुंडाळली जाते. हेही तिनंच ठरवलेलं. पावसाळ्यानंतर कॅसेटला पांढरी बुरशी धरली की ती न वाजवता आधी उघडून पुसायची, नाहीतर हेडला लागते आणि दुसऱ्या कॅसेटींना जाते, हा नियम कोकणातल्या मावशीकडून आला.

शेजारच्यांकडे टेप केलेली कॅसेट आपल्याकडे लावली की आवाज कोंडल्यासारखा का येतो, याचं उत्तर एका स्क्रूत होतं. हेडच्या एका अंगाला स्प्रिंगवर बसवलेला बारीक स्क्रू असतो. हेड फितीशी काटकोनात उभं नसलं, की वरच्या पट्टीतला आवाज हरवतो. कॅसेट चालू ठेवून, बारीक पेचकसानं तो स्क्रू केसभर फिरवायचा आणि तबल्याच्या चाटीकडे कान द्यायचा. चाट जिथे सर्वांत कडक वाजली तिथे थांबायचं. पण प्रत्येक यंत्राचं हेड वेगळ्या कोनात असल्यानं, एकाची कॅसेट सुधारली की आपल्याच घरच्या कॅसेट बिघडायच्या. म्हणून स्क्रूची मूळ जागा आधी वहिनीच्या नेलपॉलिशनं रंगवून ठेवायची. कितीतरी जुन्या डेकांत तो लाल ठिपका अजून आहे.

नव्वदच्या दशकात खोक्यांवर पीएमपीओ नावाचे आकडे छापून येऊ लागले. हातात मावणाऱ्या टेपवर शेकडो वॉट. काकांनी त्यावरही वहीत एक गणित मांडलं. यंत्राला आत १२ व्होल्ट मिळतात. १२चा वर्ग १४४. स्पीकर ४ ओहमचा. त्याला ८नं गुणून ३२. १४४ला ३२नं भागा. साध्या जोडणीत एका बाजूला फार तर साडेचार वॉट. ‘उरलेले छापखान्यातले,’ असा शेरा.

मग वाडे पडले. माणसं कोथरूडला, डोंबिवलीला, न्यू जर्सीला गेली. सीडी आली, फोनमध्ये गाणं आलं, यंत्रं माळ्यावर गेली. मुंबईत काळ्या घोड्याजवळचं ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं, तेव्हा हळहळणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तिथून कित्येक वर्षांत काही घेतलं नव्हतं. आता उलटा वारा आहे. नातवंडं माळ्यावरून टर्नटेबल उतरवतात आणि विचारतात, ‘आजोबा, हे हळू का फिरतं?’ उत्तर माहीत असलेले काका राहिलेले नाहीत. वही कुठल्या तरी रद्दीत गेलेली आहे.

म्हणून आम्ही काही समवयस्कांनी या वह्या गोळा करून सगळ्यांना उघडता येईल असं एक ऑनलाइन ग्रंथालय मांडायला घेतलं आहे. कल्पना काही आमची नाही. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांनी हिंदी चित्रपटगीतांचा कोश खंडाखंडानं उभा केला, तो अशाच नोंदींच्या जोरावर. मुंबईत १९९०मध्ये सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेनं, सुरेश चांदवणकरांच्या पुढाकारानं, जुन्या तबकड्यांची माहिती नियतकालिक काढून जपली. गाणी आणि तबकड्या यांची नोंद अशी झाली. ती वाजवायची कशी, याची नोंद मात्र काकांच्या हिशेबाच्या वहीतच राहिली होती.

ग्रंथालयाचे नियम वहीतूनच आले. प्रत्येक नोंदीत यंत्र कोणतं, केलं कुणी, आणि झालं काय, हे तिन्ही हवं. स्वतः केलेलं एका बाजूला, ऐकीव दुसऱ्या बाजूला. करून फसलेलं गाळायचं नाही. पुढच्याचा बेल्ट वाचतो. कंपनीची छापील माहितीपुस्तिका सरसकट चढवायची नाही, आपल्या हातची टिपणं आधी. गाणी तर नाहीतच. ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क आपल्याकडे प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो आणि आम्हाला ग्रंथालय चालवायचं आहे, कोर्ट नव्हे. व्हॉल्व्हच्या रेडिओच्या पानावर पहिलीच ओळ ठळक अक्षरांत: काही जुन्या एसी-डीसी सेटांत आतल्या पत्र्यातच घरची वीज असते, आणि सेट बंद केला तरी कपॅसिटर भरलेला राहतो, शिकलेला माणूस शेजारी नसेल तर मागचं झाकण उघडू नये.

सर्वांत जास्त वेळ भांडणांत जातो, आणि तोही वारसाच आहे. व्हॉल्व्हचा आवाज गोड की ट्रान्झिस्टरचा खरा? महागड्या तारेनं फरक पडतो का? पूर्वी असे वाद जिन्यात व्हायचे आणि जेवणाची हाक आली की मिटायचे. आता मिटवायला कुणी हाक मारत नाही, म्हणून एक व्यवस्था केली आहे. दोन्ही मतं शेजारीशेजारी लिहायची आणि प्रत्येकाखाली काय लावून, कुठल्या खोलीत ऐकलं ते. जो फक्त ‘मला माहीत आहे’ म्हणतो, त्याचं मत ऐकीवच्या बाजूला जातं. या नियमानं आमच्यातले दोन-तीन ज्येष्ठ तज्ज्ञ रुसले आहेत. त्यातले एक रुसूनही दर रविवारी सोल्डरिंगच्या नोंदी तपासून देतात.

जमवताना एक गोष्ट ध्यानात आली. यंत्राबद्दलची माहिती काकांच्या वह्यांत सापडते, पण आवाज चुकला आहे हे आधी कुणाला कळलं, ते बहुतेक वेळा आजींच्या, आयांच्या नोंदींत असतं. कुकरची शिट्टी लिहून ठेवणारी बाई मैफलीचं उत्तम कॅटलॉग करत होती, हे आमच्या तेव्हा लक्षात आलं नाही. आता दोन्ही वह्या एकाच यादीत, तारखेनं लावतो.

तेव्हा माळा आवरायला काढलात, तर यंत्र भंगारवाल्याला द्यायचं की ठेवायचं, हे तुमच्या घराच्या चौरस फुटांनी ठरवा. आम्ही आड येणार नाही. फक्त देण्याआधी त्याचं मागचं झाकण, आतला चिकटवलेला कागद, कॅसेटच्या खोक्यातल्या चिठ्ठ्या आणि खणात तळाशी असलेली लांबट वही, यांचे फोटो काढून ठेवा. अक्षर लागत नसलं तरी चालेल. ‘गुणगुणतं’ आम्हाला बरोबर वाचता येतं.