सोळा भाज्या आणि एक सही

आमच्याकडच्या महालक्ष्म्या भांडणाशिवाय कधी जेवल्या नाहीत. वसमत तालुक्यातल्या आमच्या गावी भाद्रपदात तीन दिवस जुनं घर भरतं. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर जेवण, मूळावर विसर्जन. पुण्याहून, संभाजीनगरहून, नांदेडहून माणसं येतात आणि पहिल्या रात्रीपर्यंत निम्म्यांचा एकमेकांशी अबोला सुरू झालेला असतो.

लहानपणी आम्हा लेकरांना ही भांडणं फार आवडायची. कोठीवर मुखवटा तिरपा बसला, इथून सुरुवात. मग सोळा भाज्यांत पडवळ कोण विसरलं, आंबील कुणी पातळ केली, सोवळ्यात कोण कुणाला शिवलं. मोठ्या काकू आणि धाकट्या काकू पुरण वाटता वाटता एकमेकींची लग्नं उकरून काढायच्या. ओसरीवर पुरुषांचं हळदीवरून चालायचं. कढईखालचं जळण कुणाचं, हळद शिजवायला मजूर कुणी आणले आणि मोंढ्यात पट्टी कुणाच्या नावानं फाटली.

हायस्कुलात गेल्यावर कळलं, पडवळाचं भांडण पडवळाचं नसतंच. ते रानाचं असतं. आजोबांनी तिघा मुलांना तोंडी वाटणी करून दिली होती, सातबारा मात्र एकत्रच. १ मे १९९९ रोजी आमचा हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला, तेव्हा आजोबाच म्हणाले, "सरकारनं निदान नकाशा तरी काढला."

एका वर्षी धाकटे काका चिडून बोलून गेले, "ज्येष्ठा तुमच्याकडं ठेवा, कनिष्ठा आम्ही नेतो." आजी परातीतून हात न काढता म्हणाली, "बहिणी-बहिणीची ताटातूट करता व्हय रे?" सगळे गप्प झाले. मुखवटे जुन्या घरातच राहिले.

या गोंधळात आत्या तेवढी कधी भांडली नाही. तिच्या गोड स्वभावाचं सगळ्यांना कोण कौतुक! आता वाटतं, भांडावं असं तिच्यासाठी कुणी काही ठेवलंच नव्हतं. १९९४ साली महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला, पण कायदा लागू होण्याआधी लग्न झालेल्या मुली वगळून. आत्याचं लग्न त्याआधीचं. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीत ही अट राहिली नाही. ही बातमी आमच्या घरी कुणी मोठ्यानं सांगितली नाही. पुढच्या महालक्ष्म्यांना फक्त विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दारात जीप उभी राहिली. आत्यासाठी साडीचोळी, पोळ्यांचा डबा आणि रजिस्ट्रीला न्यायचं हक्कसोडपत्र, तिन्ही तयार.

आत्यानं विचारलं, "कामून सोडू?"

असं भांडण त्या घरानं पाहिलं नव्हतं. तिला लोभी म्हटलं गेलं, माहेर तुटंल म्हणून भीती घालून झाली. आजोबा आधीच वारलेत, वाटणी कधीच झाली, हेही सांगून झालं. अनपेक्षितपणे तिच्या बाजूनं उभ्या राहिल्या त्या मोठ्या काकू. "मी माझ्या माहेरी सही केली होती," त्या म्हणाल्या, "कुठं टिकलं माझं माहेर?" जीप रिकामी परत गेली.

ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही, मुलीचा हक्क जन्मानंच येतो, आणि नुसत्या तोंडी वाटणीचा दावा सहजासहजी मानायचा नाही. काकांनी वकील केला, मग वकिलाचंच ऐकून नमते झाले. सातबारावर आत्याचं नाव चढलं. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं श्रेय कुणाच्या रानाला, यावरून त्या वर्षी ओसरीवर जुंपली, आणि सगळ्यांत मोठा आवाज आत्याचा होता. पडवळावरूनही ती आता भांडते.

घरोघरच्या भावांना एवढंच सांगणं आहे. बहिणीकडून हक्कसोड मागायचीच असेल तर महालक्ष्म्यांच्या जेवणावर मागू नका. कागद आधी तिला वाचायला द्या. आणि ती नाही म्हणाली, तर पोळ्यांचा डबा तेवढा तिच्याबरोबर जाऊ द्या.