बाईंचा हातचा चुकला

मुलांनो, गेल्या मे महिन्यात कोल्हापुरात गणिताचं निवासी शिबिर होतं. मुलींच्या सोबतीला मी गेले होते. दुसऱ्याच रात्री वळीव कोसळला, दिवे गेले आणि गगनबावड्याकडची एक मुलगी हुंदके देऊ लागली, "बाई, मला घराकडं जायाचंय."

समजूत घालणं मला फारसं जमत नाही. मी मेणबत्ती लावली, खडू काढला आणि कापरेकर गुरुजींची गंमत सुरू केली. हे देवळालीच्या शाळेतले शिक्षक. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. त्याच अंकांची मोठ्यात मोठी संख्या करा, तिच्यातून लहानात लहान वजा करा. उत्तराचं पुन्हा तसंच, शून्यसुद्धा धरायचं. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच!

गुरुजींनी हे १९४९ साली मांडलं, म्हणून मी १९४९च घेतली. ९९४१ वजा १४९९, ८४४२. मग ५९९४, ५३५५... सात झाल्या आणि उत्तर आलं ३९९६! माझ्या पोटात गोळाच आला. पोरींसमोर चुकायची भीती मला अजून वाटते, खरं सांगते.

ती मुलगी डोळे पुसत पुढं सरकली. "चौथ्या वजाबाकीत हातचा इसरलाय तुमी."

खडू तिनंच घेतला. १९९८, ८०८२, ८५३२... ६१७४!

दिवे आले तरी कुणी झोपेना. जिला तिला आपापल्या जन्मसालाची वजाबाकी करायची होती.

सकाळी तिनं घरचा विषय पुन्हा काढलाच. "बाई, ह्ये आमच्या दादाला शिकवलं तर चालंल न्हवं?"